नारायण मेघाजी लोखंडे: गिरणीची यंत्रं दुपारी अर्धा तास थांबवण्यासाठी झटलेला माणूस

दुपारी घंटा होते, यंत्रं थांबतात, हात धुतले जातात आणि डबे उघडतात. कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही या अर्ध्या तासाचं आज विशेष वाटत नाही. जेवणाची सुट्टी ही मिळायचीच, असं आपण गृहीत धरतो.

पण सुमारे १४० वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांमधल्या कामगारांना हाच अर्धा तास अर्ज करून, सह्या गोळा करून मागावा लागला होता. त्या गिरण्यांमध्ये मोठ्या माणसांबरोबर सात-आठ वर्षांची मुलंही उभी असायची.

ही मागणी पहिल्यांदा संघटितपणे मांडणाऱ्या माणसाचं नाव नारायण मेघाजी लोखंडे. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांची आठवण निघते ती बहुतेक वेळा रविवारच्या सुट्टीपुरती. ती गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. त्यांनी दुपारचा अर्धा तासही मागितला होता आणि लहान मुलांच्या विश्रांतीचा प्रश्न समजून घ्यायचा तर हा अर्धा तास रविवारइतकाच महत्त्वाचा ठरतो.

## ठाण्यात जन्म, मुंबईत नोकरी

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील कन्हेरसर गावचं, जातीने फुलमाळी. घरची परिस्थिती बेताची होती. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झालं आणि पुढे शिकण्याऐवजी नोकरी धरावी लागली.

आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि त्यानंतर मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर, असा त्यांचा नोकरीचा प्रवास झाला.

स्टोअरकीपरची जागा मधली असते. तो मालक नसतो आणि साच्यावर उभा राहणारा कामगारही नसतो. पण गिरणीत काय चाललं आहे, कोण किती वाजता येतं, कुणाचं बोट यंत्रात सापडलं, कुणाचा पगार किती दिवस थकला आहे, हे त्याला रोज दिसतं. लिहिता-वाचता येणाऱ्या आणि सरकारी कामकाजाची भाषा कळणाऱ्या माणसाला हे सगळं इतक्या जवळून दिसणं, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती.

याच सुमारास ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या कामात आले. फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात हा समाज स्थापन केला होता. शेतकरी, कारागीर आणि मजूर यांच्या घामावर कोण जगतं, हा प्रश्न फुले विचारत होते. लोखंडे यांनी तोच प्रश्न गिरणीच्या आवारात नेला.

## गिरणीतला दिवस कसा असायचा?

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५०च्या दशकात कावसजी दावर यांनी काढली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या. कोकण आणि घाटावरून माणसं कामासाठी मुंबईत येऊ लागली. परळ, लालबाग, भायखळा हा भाग पुढे गिरणगाव म्हणून ओळखला गेला.

सुरुवातीच्या काळात गिरणीचं घड्याळ म्हणजे सूर्य. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे उजाडलं की काम सुरू आणि मावळलं की बंद. ऐकायला हे साधं वाटतं, पण हिशेब करून पाहा. मुंबईत हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि उन्हाळ्यातला मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो. म्हणजे ऊन वाढलं की कामाचे तासही वाढायचे. त्यात घरापासून गिरणीपर्यंतची पायपीट वेगळी.

सुट्टी म्हणजे वर्षातले मोजके सण. रविवार आला तरी अनेक गिरण्यांत यंत्रं पुसायला कामगारांना बोलावलं जायचं. अनेक ठिकाणी दुपारच्या जेवणासाठी यंत्र थांबत नसे. शेजारच्याला आपल्या यंत्रावर लक्ष ठेवायला सांगायचं, चार घास खायचे आणि परत उभं राहायचं. कापसाचे तंतू हवेत उडत असत आणि तेच घासाबरोबर पोटातही जात.

मुलांचं काम प्रामुख्याने सूतकताईच्या खात्यात असायचं. भरलेली बाबीन काढायची, रिकामी चढवायची, तुटलेला धागा जोडायचा. बोटं बारीक असल्यामुळे हे काम मुलांना जमतं, असं सांगितलं जाई. मजुरी कमी द्यावी लागते, हेही कारण होतंच. बाबीन सतत भरत राहते आणि धागा सतत तुटत राहतो. त्यामुळे यंत्र चालू आहे तोवर मुलाला बसता येत नाही.

## १८८१चा कायदा: विश्रांती मिळाली, पण कागदावर

या परिस्थितीवर कायदा हवा, असं म्हणणाऱ्यांमध्ये सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी गृहस्थ पुढे होते. १८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांची पाहणी करण्यासाठी एक आयोग नेमला. त्यातून लगेच काही निघालं नाही. बंगाली यांनी स्वतः एक मसुदा तयार केला आणि विषय लावून धरला.

अखेर १८८१ मध्ये भारतातला पहिला कारखाना कायदा झाला. त्यातल्या मुख्य तरतुदी अशा होत्या:

- सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येणार नाही.
- सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम देता येणार नाही.
- या मुलांना रोज एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या मिळतील.
- धोकादायक यंत्रांना कुंपण घालावं लागेल.

हा कायदा १०० किंवा त्याहून अधिक माणसं काम करत असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. मोठ्या माणसांसाठी त्यात तासांची मर्यादा नव्हती, विश्रांतीही नव्हती.

म्हणजे कोवळ्या वयातल्या कामगाराला मधली विश्रांती मिळाली पाहिजे, हे तत्त्व भारतात १८८१ पासून कायद्यात आहे. मग अडलं कुठे?

पहिली अडचण देखरेखीची. जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट हाच पदसिद्ध निरीक्षक असे. त्याच्याकडे आधीच शंभर कामं असत. तो गिरणीत किती वेळा जाणार आणि गेला तर तिथे यंत्रांबद्दल त्याला काय कळणार?

दुसरी अडचण वयाची. जन्माचा दाखला कुणाकडे नव्हता. उंची, बांधा आणि दात पाहून वयाचा अंदाज बांधला जाई. बारा वर्षं पूर्ण झाली असं एकदा ठरलं की मुलगा मोठ्या माणसात जमा आणि त्याची विश्रांती संपली. घरात मजुरीची गरज असल्यामुळे आई-वडीलही वय वाढवून सांगत.

तिसरी अडचण सर्वांत मोठी होती आणि ती कायद्याच्या रचनेतच होती. मुलाला तासभर विश्रांती द्यायची, पण मोठ्यांचं यंत्र चालूच राहणार. ज्या यंत्राच्या बाबीन मुलगा बदलतो ते यंत्र थांबत नसेल, तर मुलाने बसायचं कसं? त्याच्या जागी दुसरा मुलगा हवा. तो नसेल तर विश्रांतीचा तास वहीत राहतो आणि मुलगा यंत्रापाशी.

इंग्लंडमध्येही हाच अनुभव आला होता. म्हणून तिथल्या १८४४च्या कारखाना कायद्याने तरुण कामगारांची आणि स्त्रियांची जेवणाची वेळ एकच असावी, असा नियम घातला. वेगवेगळ्या वेळी दिलेली सुट्टी तपासता येत नाही. सगळ्यांची सुट्टी एकाच वेळी असेल तर यंत्र थांबलं आहे की चालू आहे, हे दारातूनही कळतं. भारतातल्या १८८१च्या कायद्यात असं काही नव्हतं.

## 'दीनबंधू'चे संपादक

कायदा होण्याच्या आदल्याच वर्षी लोखंडे एका वेगळ्या कामात पडले होते. सत्यशोधक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' हे साप्ताहिक सुरू केलं होतं. पैशाअभावी ते चालवणं कठीण झालं. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणलं आणि संपादकपद स्वीकारलं. पुढे गिरणीतली नोकरी सोडून ते याच कामाला लागले.

त्या काळातली बहुतेक मराठी वर्तमानपत्रं शिकलेल्या, नोकरदार वर्गासाठी असत. 'दीनबंधू'चा वाचक वेगळा होता. शेतकऱ्यांची कर्जं, जातीचे अन्याय, गिरणीतले अपघात, दंड म्हणून कापलेला पगार हे त्याचे विषय होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कुणीतरी अंक वाचून दाखवी.

## परळच्या सुपारीबागेतली सभा

१८८१चा कायदा अपुरा आहे हे लवकरच दिसू लागलं. १८८२ मध्ये इंग्लंडहून आलेले कारखाना निरीक्षक मीड-किंग यांनीही सुधारणा सुचवल्या. १८८४ मध्ये मुंबई सरकारने पुन्हा एक आयोग नेमला.

आयोग मालकांचं ऐकणार, अधिकाऱ्यांचं ऐकणार, डॉक्टरांचं ऐकणार. कामगारांचं कोण ऐकणार? लोखंडे यांनी इथे पाऊल उचललं. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा बोलावली. तीन दिवसांनी, २६ सप्टेंबरला, दुसरी सभा झाली. भारतातल्या कारखाना कामगारांनी आपल्या मागण्या ठरवण्यासाठी भरवलेल्या पहिल्या सभांमध्ये या सभांची गणना होते.

तिथे तयार झालेल्या अर्जावर ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. मागण्या पाच होत्या:

१. दर रविवारी सर्व कामगारांना पूर्ण दिवस सुट्टी मिळावी.
२. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.
३. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं.
४. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा.
५. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

या मागण्या आज वाचताना किती साध्या वाटतात! आठ तासांचा दिवस त्यांनी मागितलेला नाही. पगारवाढही मागितलेली नाही. ठरलेल्या वेळी काम सुरू व्हावं, ठरलेल्या वेळी पगार व्हावा आणि मध्ये थोडं थांबता यावं, एवढंच मागणं होतं.

पण दुसऱ्या मागणीकडे नीट पाहा. ती फक्त मुलांसाठी नव्हती किंवा फक्त बायकांसाठी नव्हती. ती सगळ्यांसाठी होती. कायद्याने आतापर्यंत फक्त मुलांना वेगळं काढून विश्रांती दिली होती. या अर्जाने सगळ्यांसाठी दुपारची एकच विश्रांती मागितली. ती मंजूर झाली असती तर यंत्रच थांबणार होतं आणि यंत्र थांबलं की मुलाला उभं ठेवायला कारण उरत नव्हतं.

## विरोध कुणाचा होता?

गिरणीमालकांचा विरोध होणार हे उघड होतं. मालकांची संघटना १८७५ मध्येच स्थापन झाली होती. सुट्टी दिली तर उत्पादन घटेल, कापड महागेल आणि परदेशी मालापुढे टिकणार नाही, असं तिचं म्हणणं होतं.

लोखंडे यांना जास्त अवघड गेला असेल तो दुसरा विरोध. तो आपल्याच लोकांकडून होता. कारखाना कायद्याची मागणी इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालकही करत होते. त्यांना मुंबईतल्या मुलांची दया आली होती असं नाही. मुंबईच्या स्वस्त सुताशी त्यांची स्पर्धा होती. परदेशी कापडावरचा आयातकर १८८२ मध्ये रद्द झाला होता आणि त्यामागेही लँकेशायरचाच दबाव होता. त्यामुळे कारखाना कायदा म्हणजे देशी उद्योग मारण्याचा डाव, असं अनेक राष्ट्रीय विचारांच्या वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी मानलं.

हा संशय निराधार नव्हता. लँकेशायरचा स्वार्थ खराच होता. पण त्यामुळे मुंबईतल्या कामगाराचा दिवस आखूड होत नव्हता. देशी गिरणीत दमलेला मुलगा आणि विलायती गिरणीत दमलेला मुलगा सारखाच दमतो. 'दीनबंधू' कामगारांच्या बाजूने उभं राहिलं आणि त्याची किंमत म्हणून परक्यांना सामील असल्याचा आरोपही त्याच्या वाट्याला आला.

१८८४-८५च्या आयोगाच्या कामातून लगेच नवा कायदा झाला नाही. कामगारांचा अर्ज पडून राहिला. पाच वर्षं गेली.

## १८९०: रेसकोर्सचं मैदान

१८८९ मध्ये कामगारांनी पुन्हा सरकारकडे अर्ज केला. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल १८९० रोजी, लोखंडे यांच्या पुढाकाराने महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळच्या मैदानात मोठी सभा झाली. सुमारे १०,००० कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही या सभेत बोलल्या. १८९० साली हजारोंच्या जमावासमोर गिरणीतल्या बाईने उभं राहून बोलणं ही लहान गोष्ट नव्हती.

सभेत आठवड्याच्या सुट्टीची मागणी करणारा अर्ज मंजूर झाला आणि तो मालकांच्या संघटनेकडे पाठवला गेला. या वेळी मालकांना तो बाजूला ठेवता आला नाही. १० जून १८९० रोजी संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. कायदा होण्याआधी, कामगारांच्या एकत्रित मागणीवरून मिळालेली ही सुट्टी होती.

याच काळात 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' हे नाव पुढे येतं. लोखंडे तिचे अध्यक्ष होते. काही अभ्यासक तिची सुरुवात १८८४च्या सभांपासून धरतात, काही १८९० पासून. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, लिखित नियम नव्हते. कामगारांनी लोखंडे यांच्याकडे यायचं, त्यांनी अर्ज लिहायचा, सभा बोलवायची आणि सरकारदरबारी जायचं, असं तिचं स्वरूप होतं.

त्याच वर्षी आणखी एक वेगळा प्रसंग घडला. विधवांचं केशवपन करायचं नाही, असं ठरवून मुंबईतल्या नाभिकांनी संप केला. त्याला लोखंडे आणि 'दीनबंधू' यांचा पाठिंबा होता. काम करणाऱ्याने एखादं काम नाकारणं हेही हत्यार असतं, ही जाणीव त्यामागे दिसते.

## आयोगात कामगारांच्या बाजूचा माणूस

१८९० मध्ये भारत सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. मुंबईतल्या चौकशीसाठी त्यात स्थानिक सहसदस्य म्हणून लोखंडे यांना घेण्यात आलं. सोराबजी बंगालीही या आयोगावर होते. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी बाहेरून अर्ज दिला होता, ते आता साक्षी ऐकणाऱ्यांच्या रांगेत बसले होते.

त्यानंतर १८९१चा कारखाना कायदा झाला आणि १ जानेवारी १८९२ पासून तो लागू झाला. त्यात काय बदललं?

- दुपारी १२ ते २ या वेळेत सर्व कामगारांसाठी अर्धा तास काम पूर्ण थांबवणं बंधनकारक झालं. मान्यताप्राप्त पाळीपद्धत असेल तिथे सूट होती.
- सर्वांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळाली.
- कामावर घेण्याचं किमान वय सातवरून नऊ झालं आणि बालकामगाराची व्याख्या १४ वर्षांपर्यंत वाढली.
- मुलांचे तास नऊवरून सात झाले आणि रात्रीचं काम बंद झालं.
- स्त्रियांसाठी ११ तासांची मर्यादा आली. पूर्ण ११ तास काम घेतल्यास मध्ये एकूण दीड तास विश्रांती देणं आवश्यक झालं.
- कायदा १०० ऐवजी ५० माणसांच्या कारखान्यांनाही लागू झाला.

१८८४च्या अर्जातल्या पहिल्या दोन मागण्या अशा रीतीने कायद्यात आल्या. पहिलीमुळे रविवार घरी आला. दुसरीमुळे दुपारी यंत्रं थांबली. मोठ्यांसाठी मागितलेली सुट्टी मुलांपर्यंतही पोहोचली, कारण आता ती एका मुलाला यंत्रापासून बाजूला काढून द्यायची नव्हती. सगळी गिरणीच थांबत होती.

## जे राहून गेलं

इथे गोष्ट सुखान्त झाली असं म्हणून थांबता येणार नाही.

प्रौढ पुरुषांच्या तासांवर १८९१च्या कायद्यातही मर्यादा नव्हती. गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचं बंधन उरलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक गिरण्यांत कामाचा दिवस १४ तासांच्याही पुढे गेला. जो उजेड कामगारांच्या सोयीचा वाटला असता, त्यानेच त्यांची संध्याकाळ घेतली. पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली ती १९११च्या कायद्याने, तीही कापडगिरण्यांपुरती.

मुलांच्या बाबतीत नवी पळवाट निघाली. सात तासांची मर्यादा आल्यावर मुलं अर्ध्या दिवसाच्या पाळीत काम करू लागली. अर्ध्या दिवसाची मजुरी घराला पुरत नसे. मग काही मुलं सकाळी एका गिरणीत आणि दुपारनंतर दुसऱ्या गिरणीत वेगळ्या नावाने जाऊ लागली. दोन्ही गिरण्यांच्या वह्या कायद्याप्रमाणे बरोबर असायच्या. मुलाचा दिवस मात्र पूर्वीइतकाच लांब. हा प्रकार इतका टिकून राहिला की १९२६ मध्ये कायदा दुरुस्त करून, मुलाला एकाच दिवशी दोन कारखान्यांत पाठवणाऱ्या पालकांनाही दंडाची तरतूद करावी लागली.

लोखंडे यांच्या पद्धतीच्याही मर्यादा होत्या. अर्ज, सभा आणि सरकारवरचा विश्वास हीच त्यांची साधनं. नियमित वर्गणी आणि सभासद असलेली संघटना त्यांच्या मागे उभी राहिली नाही. तशा युनियन पुढच्या पिढीत झाल्या. मद्रास लेबर युनियन १९१८ मध्ये, आयटक १९२० मध्ये आणि मुंबईची गिरणी कामगार युनियन १९२८ मध्ये.

## शेवटची वर्षं

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. गिरण्यांमध्ये दोन्ही धर्मांचे कामगार एकाच छताखाली होते. लोखंडे यांनी सलोख्यासाठी पुढाकार घेतला आणि राणीच्या बागेत एकतेची सभा घेतली. त्यांच्या सार्वजनिक कामाबद्दल सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस नेमलं आणि १८९५ मध्ये रावबहादूर हा किताब दिला.

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगने शिरकाव केला. सुरुवातीचे रुग्ण सापडले ते मांडवी भागात, जिथे लोखंडे कधीकाळी नोकरी करत होते. ज्यांना शक्य होतं ते मुंबई सोडून जाऊ लागले. गिरण्या ओस पडल्या. लोखंडे शहरातच राहिले आणि रुग्णांच्या सेवेची, दवाखान्याची व्यवस्था करण्यात गुंतले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. पुढच्याच महिन्यात, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचाही मृत्यू झाला.

२००५ मध्ये भारत सरकारने लोखंडे यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं. एके काळी ते टपाल खात्यात नोकरीला होते. परळला, त्यांच्या पहिल्या सभा जिथे झाल्या त्याच भागात, राज्य सरकारची कामगार अभ्यास संस्था त्यांचं नाव लावते.

## आज कोवळ्या वयाच्या कामगारांना काय हक्क आहेत?

१८९१ नंतर कायदा बदलत गेला. १९३४च्या कारखाना कायद्याने बालक आणि प्रौढ यांच्यामध्ये किशोर असा वेगळा वयोगट प्रथमच आणला. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कायद्याने कारखान्यात १४ वर्षांखालील मुलांना बंदी केली.

आज या वयोगटासाठी मुख्य कायदा आहे तो १९८६चा बालकामगार कायदा. २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आता १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. शाळेनंतर कुटुंबाच्या व्यवसायात मदत आणि कलाकार म्हणून काम, असे मोजके अपवाद आहेत. १४ ते १८ वर्षांच्या किशोरांना खाणी, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया यांत बंदी आहे. इतर आस्थापनांत त्यांना काम करता येतं, पण या अटींवर:

- सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती द्यावी लागते.
- विश्रांती आणि कामाची वाट पाहण्यात गेलेला वेळ धरून, पूर्ण दिवस सहा तासांपेक्षा लांबवता येत नाही.
- संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम देता येत नाही.
- ओव्हरटाइम देता येत नाही.
- एकाच दिवशी दोन ठिकाणी काम करू देता येत नाही.
- आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावी लागते.
- कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ यांची नोंद मालकाने वहीत ठेवावी लागते.

या यादीतली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या जुन्या पळवाटेचं उत्तर आहे. दोन ठिकाणी काम करण्याची बंदी ही दोन गिरण्यांत दोन नावांनी जाणाऱ्या मुलांमुळे आली आणि वाट पाहण्याचा वेळ मोजला नाही तर तोही मालकाच्याच खात्यात जातो.

पण १८८१ची अडचण आजही सुटलेली नाही. हॉटेलात, गॅरेजात, दुकानात काम करणारा सोळा वर्षांचा मुलगा बहुतेक वेळा मोठ्यांच्या बरोबरीने उभा असतो. गिऱ्हाईक आहे तोवर मोठेही बसत नाहीत, मग त्यालाच तासभर बाजूला बसू देणार कोण? हक्क त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, यंत्र मात्र सगळ्यांचं चालू आहे. हक्क माहीत असूनही मागण्याची हिंमत होत नाही ती यामुळे.

मुलाच्या वतीने दुसऱ्या कुणालाही तक्रार करता येते, कामगार अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

सुपारीबागेत सह्या करणाऱ्या ५,५०० जणांत अनेकांना लिहिता-वाचता येत नसणार. त्यांनी मागितलेला अर्धा तास फक्त त्यांच्या मुलांसाठी नव्हता, स्वतःसाठीही होता. म्हणूनच तो मुलांनाही मिळाला. जिथे मोठ्यांना बसून जेवायची मुभा आहे, तिथे मुलाची विश्रांती कुणी सहजासहजी हिरावून घेऊ शकत नाही. लोखंडे यांच्या पाच मागण्यांतली दुसरी मागणी आजही एवढ्यासाठीच आठवायची.